पहिलं उत्तर बरोबर, दुसऱ्यापासून बिघाड: फोरट्रानमधली ‘मागची बाकी’ कशी शोधायची

हा प्रॉब्लेम माझ्याकडे या वर्षात पाचव्यांदा आला, म्हणून आता एकदाचं सगळं नीट लिहून ठेवतो. पोरं फोरट्रान या प्रोग्रॅमिंगच्या भाषेची बेसिक पायरी ओलांडून मॉड्यूल, ॲलोकेटेबल ॲरे (प्रोग्रॅम चालताना आकार ठरतो अशी आकड्यांची रांग), डिराइव्ह्ड टाइप (अनेक घटक जोडून आपण बनवलेला प्रकार) इथपर्यंत येतात, एका फाइलसाठी लिहिलेला प्रोग्रॅम झकास चालतो, मग त्याचं फंक्शन करून लूपमध्ये दहा ठिकाणांसाठी कॉल करतात, आणि पहिल्या ठिकाणाचं उत्तर बरोबर येतं आणि बाकी सगळी चूक. एरर नाही, वॉर्निंग नाही, क्रॅश नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे चुकीचं उत्तरही बरेचदा असं येतं की पाहून शंकाच येत नाही.

कोडच्या ओळी मी इथे देवनागरीतच लिहितोय, टाइप करताना त्या इंग्रजी अक्षरांत करा.

मे महिन्यातली गोष्ट सांगतो. संध्याकाळी माझ्याकडे धरमपेठेत चार-पाच जण प्रॅक्टिसला येतात. कूलर फुल स्पीडवर, बाहेर सात वाजले तरी रस्ता तापलेला. त्यातली चंद्रपूरची एक पोरगी एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी विदर्भातल्या ठिकाणांचं मे महिन्याचं सरासरी कमाल तापमान काढत होती. लॅपटॉप माझ्याकडे फिरवला आणि म्हणाली, “दादा, हे पाहा ना, माझं चंद्रपूर नागपूरपेक्षा थंड येऊन राहिलं, असं होऊच शकत नाही.”

मी आकडे इथे समजायला गोल करून देतो, पण प्रकार अगदी हाच होता. तिच्या फाइलींप्रमाणे गोंदियाची सरासरी ४१.५, चंद्रपूरची ४४.० आणि नागपूरची ४३.० यायला हवी होती, तिघांचेही ३१-३१ दिवस. स्क्रीनवर मात्र गोंदिया ४१.५, चंद्रपूर ४२.७५, नागपूर ४२.८३. आता हे आकडे एखाद्या परक्या माणसासमोर ठेवा, तो मान हलवून पुढे जाईल, कारण विदर्भातल्या मे महिन्यात ४२.७५ मध्ये चुकीचं वाटण्यासारखं काही नाही. ही पोरगी चंद्रपूरची, तिथल्या उन्हात वाढलेली, म्हणून तिला खटकलं.

दोन दिवस ती भलतीकडेच शोधत होती. आधी वाटलं डेटा फाइलच खराब आहे, मग वाटलं जिथे नोंद नाही तिथे ९९.९ भरलेलं असतं ते नीट वगळलं जात नाहीये, मग कोणीतरी सांगितलं की सिंगल प्रिसिजनमुळे होतंय, डबल कर. तिने सगळं डबल प्रिसिजन केलं आणि तीच चूक आणखी जास्त दशांशांत दिसायला लागली. एक लक्षात घ्या, प्रिसिजनच्या गडबडीने ३१ आकड्यांच्या सरासरीत सव्वा डिग्रीचा फरक पडत नाही. सिंगल प्रिसिजनमध्येही साधारण सहा-सात अंक विश्वासाचे असतात. एवढा मोठा फरक दिसला की प्रिसिजनच्या मागे लागून वेळ घालवू नका.

मी तिला एवढंच म्हटलं की यादीत चंद्रपूर सगळ्यात वर टाक आणि परत चालव. चंद्रपूर ४४.० आलं, एकदम बरोबर. आणि खाली गोंदिया बिघडून ४२.७५ झालं. नागपूर जिथल्या तिथे, ४२.८३.

पहिली टेस्ट हीच. डेटा तोच, फक्त कॉलचा क्रम बदला. क्रम बदलल्यावर एखाद्या ठिकाणाचं उत्तर बदललं तर दोष डेटात नाही, फंक्शन मागच्या कॉलमधलं काहीतरी लक्षात ठेवतंय. दुसरी टेस्ट याहून सोपी आहे, एकाच रनमध्ये एकाच ठिकाणासाठी फंक्शन दोनदा कॉल करा, पण मध्ये दुसऱ्या ठिकाणाचा एक कॉल घाला. हा मधला कॉल विसरू नका, कारण वरच्या उदाहरणात लागोपाठ दोनदा तेच ठिकाण दिलं तर बेरीजही दुप्पट, दिवसही दुप्पट, सरासरी तीच, आणि तुम्हाला वाटेल सगळं ठीक आहे.

आता कारण. तिच्या फंक्शनमध्ये वरच्या डिक्लेरेशनमध्ये या दोन ओळी होत्या:

रिअल :: बेरीज = ०.०
इन्टिजर :: दिवस = ०

खाली लूप, प्रत्येक दिवसाचं तापमान बेरजेत टाकायचं, दिवस एकाने वाढवायचा, शेवटी भागाकार. वाचणाऱ्या कोणालाही वाटतं की फंक्शनमध्ये शिरलो की बेरीज शून्य होते. फोरट्रानमध्ये तसं होत नाही. डिक्लेरेशनच्या ओळीत दिलेली किंमत ही प्रोग्रॅम सुरू होताना एकदाच बसते, आणि नुसती तीच गोष्ट नाही, अशी किंमत दिली की त्या व्हेरिएबलला आपोआप ‘सेव्ह’ हा गुणधर्म चिकटतो, तुम्ही सेव्ह शब्द लिहा की नका लिहू. सेव्ह म्हणजे फंक्शन संपलं तरी व्हेरिएबलमधली किंमत तशीच राहणार आणि पुढच्या कॉलला तिथूनच पुढे सुरू होणार.

किराणा दुकानाची उधारीची वही आठवा. नवीन पान उघडलं की दुकानदार पहिल्या ओळीत ‘मागची बाकी’ लिहितो आणि त्यावर नवीन सामान चढवत जातो. पोरांना वाटतं की फंक्शनचा प्रत्येक कॉल म्हणजे कोरी वही, आणि फोरट्रानने तर मागची बाकी पुढे ओढलेली असते. चंद्रपूरच्या पानावर गोंदियाची ३१ दिवसांची बाकी होती, म्हणून ४१.५ आणि ४४.० च्या मधलं ४२.७५ आलं. नागपूरच्या पानावर दोघांची बाकी, म्हणून तिघांची मिळून सरासरी ४२.८३. यादीत शेवटी जे ठिकाण असेल त्याला कायम हाच आकडा मिळणार, क्रम कसाही लावा.

सोबतच्या एका पोराचा कोड याच दुखण्याचा होता पण लक्षणं वेगळी होती, म्हणून तीही सांगतो, ओळखायला बरं पडतं. त्याने दिवसांची संख्या फंक्शनमध्ये शिरल्यावर वेगळ्या ओळीत शून्य केली होती, बेरीज मात्र डिक्लेरेशनमध्येच. त्याला हाच डेटा दिला तर येतं ४१.५, मग ८५.५, मग १२८.५. उत्तर फुगत जातं, म्हणजे बेरीज अडकली आहे. उलट मोजणी अडकली आणि बेरीज शून्य झाली तर ४१.५, २२.०, १४.३३ असं उत्तर आक्रसत जातं. ही दोन्ही परवडली, कारण ८५ डिग्री पाहून कोणीही थांबतो. दोन्ही एकत्र अडकली की उत्तरं एकमेकांत मिसळतात आणि तोच प्रकार प्रोजेक्टच्या फायनल टेबलपर्यंत जाऊन पोचतो.

हे सी किंवा पायथनवरून आलेल्यांना जास्त चावतं आणि त्यात त्यांची चूक नाही. सीमध्ये फंक्शनच्या आत ‘इंट एक्स = ०’ लिहिलं की ते प्रत्येक कॉलला नव्याने होतं, मागचं ठेवायचं असेल तर मुद्दाम ‘स्टॅटिक’ लिहावं लागतं. दिसायला फोरट्रानची ओळ तशीच, अर्थ मात्र सीच्या स्टॅटिकवाला. पायथनवाल्यांनी एक आठवून पाहावं, फंक्शनच्या आर्ग्युमेंटला डिफॉल्ट म्हणून रिकामी लिस्ट दिली की ती लिस्ट एकदाच बनते आणि पुढच्या कॉलला जुनी भरलेलीच मिळते. जात तीच आहे.

भाषेत हे असं का आहे, तर फोरट्रान म्हातारी आहे, जॉन बॅकस यांच्या टीमने आयबीएम ७०४ या कॉम्प्युटरसाठी केलेली, १९५७ पासून वापरात. जुन्या फोरट्रानमध्ये सुरुवातीची किंमत ‘डेटा’ स्टेटमेंटने द्यायचे, म्हणजे प्रोग्रॅम मेमरीत चढतानाच ती किंमत तिथे बसलेली असायची. फोरट्रान ९० मध्ये डबल कोलनवाली नवी डिक्लेरेशन आली, एकाच ओळीत किंमत द्यायची सोय आली, पण त्या किमतीचा अर्थ डेटा स्टेटमेंटवालाच राहिला. आणि हे स्टँडर्डप्रमाणे शंभर टक्के बरोबर असल्यामुळे कंपायलर, म्हणजे कोड मशीनच्या भाषेत नेणारा प्रोग्रॅम, तुम्हाला टोकत नाही. मी जीफोर्ट्रान या कंपायलरवर जास्त वॉर्निंग मागणारे ‘-डब्ल्यूऑल’ आणि ‘-डब्ल्यूएक्स्ट्रा’ दोन्ही लावून पाहिलं, ‘-एफचेक=ऑल’ लावून पाहिलं, एक शब्द बोलला नाही. त्यामुळे वॉर्निंग नाही म्हणजे कोड बरोबर, असं धरून चालू नका.

इलाज एका ओळीचा आहे. डिक्लेरेशनमध्ये फक्त नाव लिहा, ‘रिअल :: बेरीज’, आणि सगळी डिक्लेरेशन संपल्यावर, पहिल्या चालणाऱ्या ओळीत, ‘बेरीज = ०.०’. दिवसांचंही तसंच. एवढंच केल्यावर तिचं टेबल ४१.५, ४४.०, ४३.० असं आलं, क्रम उलटा केला तरी तेच.

आणखी एक रस्ता मला जास्त आवडतो, तो म्हणजे बेरजेचं व्हेरिएबलच ठेवायचं नाही. फोरट्रानचे अंगचे ‘सम’ आणि ‘काउंट’ हे फंक्शन आहेत, त्यांना मास्क, म्हणजे कोणते आकडे घ्यायचे याची अट, देता येते. तापमान ॲरेतले ९० पेक्षा कमी तेवढेच घे आणि बेरीज कर, ९० पेक्षा कमी किती आहेत ते मोज, भागाकार कर, दोन ओळींत काम संपतं आणि ९९.९ आपोआप वगळलं जातं. शून्य करायलाच काही उरत नाही तर मागची बाकी येणार कुठून. फक्त एक पाहा, एखाद्या ठिकाणी महिनाभर एकही नोंद नसेल तर मोजणी शून्य येईल आणि भागाकारात नॅन, म्हणजे ‘हा आकडाच नाही’ असं उत्तर, मिळेल, तेवढं आधी तपासून घ्या.

आता ज्यांचा कोड मोठा आहे त्यांच्यासाठी. एका पोराकडे गाईडकडून मिळालेला भूजलाचा कोड होता, चाळीसेक फाइली, काही जुन्या फिक्स्ड फॉर्ममधल्या, म्हणजे ठरावीक रकान्यांत लिहायच्या पद्धतीच्या. तिथे डोळ्याने वाचत बसणं शक्य नाही, ग्रेप, म्हणजे फाइलींत मजकूर शोधणारी कमांड, लावा. शोधायचं असं की ज्या ओळीत डबल कोलन आहे आणि त्या डबल कोलनच्या *नंतर* बरोबरचं चिन्ह आहे. नंतर हे महत्त्वाचं, कारण ‘रिअल(काइंड=८) :: एक्स’ अशा ओळीत बरोबरचं चिन्ह आधी आहे, ती निर्दोष आहे, आणि नुसतं बरोबरचं चिन्ह शोधलं तर अशा शेकडो ओळी समोर येतात. मिळालेल्या यादीतून ‘पॅरामीटर’वाल्या ओळी काढून टाका, ते स्थिरांक आहेत, बदलूच शकत नाहीत. जुन्या फाइलींसाठी डेटा स्टेटमेंट वेगळं शोधा. पॉइंटर असतील तर ‘=> नल()’ हेही डिक्लेरेशनमध्ये लिहिलेलं असतं, त्यालाही हाच नियम लागतो, पहिल्या कॉलला पॉइंटर मोकळा आणि दुसऱ्या कॉलला कुठेतरी जुन्याच जागी बोट दाखवत बसलेला.

डिराइव्ह्ड टाइपच्या बाबतीत मात्र उलटं आहे आणि इथे पोरं घाबरून बरोबर कोडही बदलतात. टाइपच्या व्याख्येत, म्हणजे ‘टाइप’ आणि ‘एंड टाइप’ यांच्या मध्ये, एखाद्या घटकाला ‘= ०’ दिलं तर त्याने सेव्ह लागत नाही. त्या टाइपचं लोकल व्हेरिएबल प्रत्येक कॉलला नव्याने शून्यापासूनच मिळतं. चिन्ह तेच, जागा वेगळी, अर्थ वेगळा. ग्रेपच्या यादीत अशा ओळी आल्या तर त्यांना हात लावू नका.

एकाने हुशारी केली की लूपच्या आत ‘ब्लॉक’ उघडू आणि त्यात बेरीज शून्य करून डिक्लेअर करू, म्हणजे लूपच्या प्रत्येक फेरीला नवी मिळेल. नाही मिळत. ब्लॉकच्या आतल्या डिक्लेरेशनलाही हाच नियम आहे. तिथेही वेगळ्या ओळीतच शून्य करावं लागतं.

आता ज्यासाठी मी हे मनापासून लिहायला बसलो ते, ‘प्युअर’. ॲडव्हान्स्ड फीचर म्हणून पोरं हे वाचतात, परीक्षेपुरतं पाठ करतात आणि सोडून देतात, पण या रोगावर ही खरी लस आहे. फंक्शनच्या नावाआधी प्युअर लिहिलं की तुम्ही कंपायलरला वचन देता की हे फंक्शन दिलेल्या इनपुटवरून उत्तर काढेल आणि बाकी कुठे काही बदलणार नाही, काही लक्षात ठेवणार नाही. आणि कंपायलर ते वचन तपासतो. प्युअर फंक्शनमध्ये सेव्हवालं लोकल व्हेरिएबल चालतच नाही, त्यामुळे ‘रिअल :: बेरीज = ०.०’ ही ओळ, जिच्यावर एवढे वॉर्निंग लावूनही कंपायलर गप्प होता, तिथे तो सरळ एरर देऊन थांबतो की प्युअरमध्ये असं इनिशियलायझेशन चालणार नाही. त्या पोरीने दोन दिवस शोधलेली चूक मी तिच्या जुन्या कोडवर प्युअर शब्द लावून दाखवली, कंपायलरने ओळ नंबरासकट दाखवली. ती नुसती स्क्रीनकडे पाहत राहिली.

प्युअर लावताना तीन गोष्टी अडवतात. फंक्शनच्या सगळ्या आर्ग्युमेंटना ‘इंटेंट(इन)’, म्हणजे फक्त वाचायचं, बदलायचं नाही, असं द्यावं लागतं, सबरुटीन असेल तर प्रत्येकाचं इंटेंट काय ते लिहावं लागतं, हे तसंही लिहायलाच हवं. दुसरं, प्युअरमधून प्युअर नसलेल्याला कॉल करता येत नाही, म्हणून सगळ्यात खालच्या छोट्या फंक्शनपासून सुरू करून वर चढत या, वरून सुरू केलं तर एरर्सचा ढीग पडतो आणि माणूस कंटाळतो. तिसरं आणि सगळ्यात जास्त तक्रार ज्याची येते ते म्हणजे आत प्रिंट लिहिता येत नाही. डीबग करायचं असेल तर तात्पुरता प्युअर काढा, प्रिंट टाका, काम झालं की प्रिंट काढून प्युअर परत लावा. मी तर नियमच केलाय की गणित करणारी सगळी फंक्शन प्युअर, आणि फाइल वाचणारी-छापणारी वेगळी. ॲरेच्या प्रत्येक घटकावर चालणारं ‘एलिमेंटल’ फंक्शन लिहिलं तर ते आपोआप प्युअरच धरलं जातं, म्हणजे तिथे ही चूक होऊच शकत नाही. पुढे ‘डू कॉन्करंट’, म्हणजे ज्याच्या फेऱ्या कोणत्याही क्रमाने चालू शकतात असं लूप, वापरायचं असेल तर त्याच्या आतून कॉल होणारी फंक्शन प्युअरच लागतात, तेव्हा सवय आत्ताच लावलेली बरी.

इलाज केला तरी उत्तर चुकतं, असंही होतं. यात दोन प्रकार पाहिले.

पहिला, डिक्लेरेशनमधलं ‘= ०.०’ काढलं पण खाली शून्य करायचं राहून गेलं. मग त्या व्हेरिएबलमध्ये काय असेल याचा भरवसा नाही, बरेचदा योगायोगाने शून्यच असतं आणि ऑप्टिमायझेशन (कोड वेगाने चालावा म्हणून कंपायलर करतो ते बदल) बदललं की उत्तर बदलतं. ‘-ओ०’ ला बरोबर आणि ‘-ओ२’ ला चूक असं दिसलं की आधी हेच तपासा, कंपायलरला दोष नंतर द्या. जीफोर्ट्रानला ‘-एफइनिट-रिअल=एसनॅन’ आणि सोबत ‘-एफएफपीई-ट्रॅप=इनव्हॅलिड’ दिलं की न भरलेल्या रिअल व्हेरिएबलवर गणित करायला गेल्याबरोबर प्रोग्रॅम तिथेच पडतो, आणि ‘-जी’ लावलेलं असेल तर ओळ नंबर मिळतो.

दुसरा प्रकार जास्त फसवा आहे. फंक्शनमध्ये ठरावीक आकाराचा मोठा लोकल ॲरे आहे, त्याला कुठेही किंमत दिलेली नाही, सेव्ह लिहिलेलं नाही, तरी तो मागचं लक्षात ठेवतोय. जीफोर्ट्रान असे एका मर्यादेपेक्षा मोठे लोकल ॲरे स्टॅकवर, म्हणजे फंक्शन संपलं की मोकळ्या होणाऱ्या मेमरीत, न ठेवता रनभर टिकणाऱ्या स्टॅटिक मेमरीत टाकतो, मग मागच्या कॉलचे आकडे तिथे तसेच पडलेले असतात. भाषा तुम्हाला ते टिकतील असं म्हणत नाही, पण प्रत्यक्षात टिकतात. ॲरे छोटा करून टेस्ट केली तर प्रॉब्लेम गायब, पूर्ण डेटावर परत हजर, आणि माणूस चक्रावतो. इलाज साधा, वापरायच्या आधी पूर्ण ॲरे एका ओळीत शून्य करा, आणि खरं तर तो ॲलोकेटेबलच करा.

ॲलोकेटेबलवरून आठवलं, त्याच रोगाचं एक वेगळं रूप. पहिला कॉल छान, दुसऱ्या कॉलला प्रोग्रॅम पडतो, मेसेज येतो की आधीच ॲलोकेट झालेल्या व्हेरिएबलला परत ॲलोकेट करताय. साधा लोकल ॲलोकेटेबल ॲरे सबरुटीन संपताना आपोआप मोकळा होतो, फोरट्रान ९५ पासून हा नियमच आहे. तो मोकळा झाला नाही म्हणजे वर कुठेतरी एकटा ‘सेव्ह’ शब्द एका ओळीत लिहिलेला असणार, जो त्या सबरुटीनमधल्या सगळ्याच व्हेरिएबलला लागतो. जुन्या लोकांची ही सवय होती आणि तिला कारणही होतं, कारण त्या काळच्या बऱ्याच कंपायलरवर लोकल व्हेरिएबल तसेही टिकायचे आणि कोड त्या टिकण्यावर अवलंबून असायचा. त्या भूजलाच्या कोडमध्ये नेमकं हेच होतं, काही सबरुटीनमध्ये सेव्ह लिहिलेलं, काहींमध्ये नाही पण किंमत टिकेल असं धरलेलं. असा जुना कोड नव्या कंपायलरवर बिघडला तर ‘-एफनो-ऑटोमॅटिक’ लावून पाहा, त्याने सगळं सेव्ह असल्यासारखं धरलं जातं. त्याने उत्तर जुन्या आउटपुटशी जुळलं तर रोग कळला, मग एकेक सबरुटीन घेऊन ज्याला खरंच टिकवायचं आहे त्यालाच सेव्ह लिहा. तो ऑप्शन कायमचा लावून ठेवू नका, निदानापुरता वापरा.

ओपनएमपी, म्हणजे काम अनेक थ्रेडमध्ये वाटून एकाच वेळी चालवायची पद्धत, शिकायला घेतलेल्यांनी हे सगळं आधी साफ करावं, माझी कळकळीची विनंती आहे. सेव्हवालं व्हेरिएबल सगळ्या थ्रेडमध्ये एकच असतं. चार थ्रेड एकाच वेळी त्याच बेरजेत आपापले आकडे टाकतात आणि तोच प्रोग्रॅम तोच डेटा घेऊन प्रत्येक रनला वेगळं उत्तर देतो. अशा वेळी प्रत्येक थ्रेडला वेगळी प्रत मिळावी म्हणून ‘प्रायव्हेट’च्या यादीत नाव टाकायला जाल तर ते फंक्शनच्या आतलं आहे, बाहेरच्या डायरेक्टिव्हला ते दिसतही नाही. एका थ्रेडवर क्रम बदलायची टेस्ट पास झाल्याशिवाय पॅरललकडे जाऊ नका. आणि साफ केल्यावर सेगमेंटेशन फॉल्ट आला, म्हणजे मेमरीच्या गडबडीने प्रोग्रॅम पडला, तर दचकू नका, ‘-एफओपनएमपी’ लावलं की मोठे लोकल ॲरेही स्टॅकवर जातात आणि स्टॅक पुरत नाही, तिथेही उत्तर तेच, मोठा ॲरे ॲलोकेटेबल करा.

सेव्ह वाईट आहे असं मी म्हणत नाहीये. एखादी सूचना पूर्ण रनमध्ये एकदाच छापायची आहे, एखादं टेबल पहिल्या कॉललाच फाइलमधून वाचून ठेवायचं आहे, अशा ठिकाणी तेच हवं असतं. फक्त तिथे शब्द उघड लिहा, ‘लॉजिकल, सेव्ह :: पहिल्यांदा = .ट्रू.’ असं. भाषेला त्या शब्दाची गरज नाही पण सहा महिन्यांनी कोड उघडणाऱ्याला आहे, त्याला कळतं की इथे मागची बाकी मुद्दाम ठेवली आहे. असं ठरवलं की ग्रेपच्या यादीत ज्या ओळीवर किंमत आहे पण सेव्हही नाही आणि पॅरामीटरही नाही, ती ओळ संशयित.

आणि कोड दुरुस्त झाला की जुने आउटपुट फेका. त्या पोरीने आधीच्या तीन वर्षांची टेबलंही याच फंक्शनने काढलेली होती, त्यातलं यादीतलं पहिलं ठिकाण सोडलं तर एकही आकडा धरण्यासारखा नव्हता. ती रात्री साडेनऊपर्यंत बसून सगळं परत चालवून गेली, आधी गोंदियापासून आणि मग उलट्या क्रमाने नागपूरपासून, आणि दोन्ही आउटपुट दोन फाइलींतला फरक दाखवणाऱ्या ‘डिफ’ला दिले, ठिकाणाच्या नावाने सॉर्ट करून. एका ओळीचाही फरक आला नाही. नवीन टेबलात चंद्रपूर सगळ्यात वर होतं.